वाचता न येणारा वाचक

हे मी माझ्या हातानं लिहितो आहे. लिहिताना काही अडत नाही. अडतं ते नंतर. आत्ताच लिहिलेली ओळ मला वाचता येत नाही. म्हणजे येते, पण एकेक अक्षर बोटानं गिरवत, आणि एवढा परिच्छेद वाचायला अर्धा तास जातो. म्हणून सुलभा, माझी बायको, हे कागद मला वाचून दाखवते आणि मी चुका सांगतो. तिच्याविषयी काही वावगं लिहिलं असेल तर तेही तिलाच मोठ्यानं वाचावं लागतं. ती वाचते.

माझं नाव मिलिंद. वय एक्कावन्न. वारंगा फाट्यावर आमचं औषधांचं दुकान आहे. सुलभाही फार्मसिस्ट, आम्ही नांदेडला एकाच वर्गात शिकलो. गिऱ्हाइकाला ‘बीपीची गोळी एक दिवस चुकवू नका’ असं बजावणारा आणि स्वतः आठवड्यातून चारदा चुकवणारा असा मी माणूस होतो. जे झालं त्याचं मूळ बहुधा तिथंच आहे, हे आधीच कबूल करून टाकतो.

दवाखान्यात पडलो होतो तेव्हा वाटायचं, हे ज्याच्यावर गुदरलं आहे अशा कुणाचं तरी काही वाचायला मिळावं. ते सापडलं नाही, आणि सापडलं असतं तरी वाचता कुठं येत होतं? तुमच्या घरात असं कुणी असेल तर त्याला हे वाचून दाखवा.

मंगळवारची सकाळ

सकाळी सातच्या सुमारास मी ओसरीत खुर्ची टाकून कादंबरी वाचत बसायचो. दुकान नऊला उघडतं, तोवरचे दोन तास माझे. त्या दिवशी उठलो तेव्हा डोक्याच्या मागं डावीकडं जड वाटत होतं. झोप नीट झाली नसेल म्हणून सोडून दिलं. खुर्चीत बसलो, खूण घातलेलं पान उघडलं, आणि मला वाटलं कुणीतरी पुस्तक बदललंय.

आमच्या फाट्यावरून दिवसभर हैदराबादकडचे ट्रक जातात. त्यांच्या पाठीवर तेलुगूत काहीबाही रंगवलेलं असतं. गोल, वळणदार, बघायला छान, पण आपल्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही. माझ्या हातातलं मराठी पान तसं दिसत होतं. धूसर नव्हतं. शिरोरेषा दिसत होती, वेलांट्या दिसत होत्या, कानामात्रा सगळं जागच्या जागी. त्यातून शब्द मात्र निघत नव्हता.

मी पान उलटलं. पुढचं तसंच. पुस्तक मिटून कव्हर पाहिलं. चित्र ओळखीचं, पायरीवर बसलेल्या दोन बहिणी. वरचं नाव परकं. आत जाऊन पेपर उचलला, कॅलेंडरासमोर उभा राहिलो. कॅलेंडरावरचे आकडे कळत होते, वार कळत नव्हते. तरी मी काय केलं? चष्मा पुसला.

स्वयंपाकघराकडं वळताना उजवा खांदा दाराच्या चौकटीवर आपटला. सुलभानं चहाचा कप माझ्या उजवीकडं ठेवला होता, तो मला दिसलाच नाही. ती म्हणाली, “चहा गार होऊन राहिला की.” मी म्हणालो, “कुठंय?” ती हसली. तिला वाटलं, मी पुस्तकाच्या नादात आहे.

बोलता येत होतं. हातपाय चालत होते. तोंड वाकडं नव्हतं. पक्षाघाताची लक्षणं मी दुकानात शंभर लोकांना सांगितली असतील. माझ्यात त्यातलं एकही दिसत नव्हतं. म्हणून मी स्वतःला ‘चष्म्याचा नंबर’ असं सांगितलं आणि दीड दिवस वाया घालवला. ओळखीचं अक्षर एका सकाळी परकं दिसलं तर चष्म्याच्या दुकानात जाऊ नका. त्याच घटकेला मोठा दवाखाना गाठा. या सबंध लिखाणात सल्ला म्हणावा असं एवढंच आहे.

काउंटरवर

बुधवारी मी दुकानात रंगांवर काम केलं. कुठलं औषध कुठल्या खणात, कुठल्या पाकिटाला हिरवी पट्टी, कुठल्याला जांभळी, हे वीस वर्षांत हाताला पाठ झालेलं होतं. चिठ्ठी आली की मी गिऱ्हाइकालाच विचारायचो, “काय होतंय? कुठली गोळी चालू आहे?” लोकांना वाटलं, आज मिलिंदभाऊ फार आस्थेनं विचारताहेत.

दुपारी शेजारच्या गावच्या पार्वताबाई आल्या. त्यांची साखरेची गोळी ठरलेली. मी खणात हात घातला, निळी पट्टी काढली, पिशवीत टाकली. सुलभा शेजारीच डबे लावत होती. तिनं पिशवीत पाहिलं आणि पार्वताबाईंच्या हातातून ती अलगद परत घेतली.

“अहो, हे काय देऊन राहिलात?”

“साखरेची.”

“ही बीपीची हाये. अन् ती बी मोठ्या पॉवरची.” तिनं पट्टी माझ्या तोंडासमोर धरली. “वाचा.”

“चष्मा…”

“चष्मा डोळ्यावर हाये तुमच्या. वाचा.”

मी पट्टीकडं बघत राहिलो. पार्वताबाई एकदा माझ्याकडं, एकदा तिच्याकडं बघत होत्या. पार्वताबाईंना आधीच चक्कर यायची. ती गोळी त्यांनी महिनाभर घेतली असती तर काय झालं असतं, हे मला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नव्हती.

“कवापासून?” सुलभानं हळू विचारलं.

“कालपासून.”

तिनं पार्वताबाईंना बरोबर गोळी दिली, शटर ओढलं आणि जीपवाल्याला फोन लावला. नांदेडला पोचेपर्यंत गाडीत एकच वाक्य बोलली. “आता काउंटरच्या आत पाय ठेवायचा न्हाई तुमी.”

कागद

नांदेडच्या दवाखान्यात डोक्याच्या स्कॅनच्या मशीनमधून बाहेर काढल्यावर डॉक्टरांनी समोर बसवलं. तरुण होते, बोलायला शांत. त्यांनी कोरा कागद आणि पेन दिलं.

“तुमच्याविषयी दोन ओळी लिहा.”

मी लिहिलं. माझं नाव मिलिंद, वारंग्याला माझं दुकान आहे, मला वाचनाची आवड आहे. अक्षर नेहमीसारखं आलं. मला एवढा आनंद झाला की मी सुलभाकडं पाहून मान हलवली. बघ, काही झालेलं नाही.

डॉक्टरांनी कागद उलटा ठेवला. मुलगी काय करते, पुण्याला कुठं असते, जेवणात मीठ किती, असं पाचसात मिनिटं विचारत राहिले. मग तोच कागद माझ्यापुढं सरकवला.

“हे काय लिहिलंय?”

मी पाहिलं. निळ्या शाईतली तेलुगू.

“हे कुणी लिहिलं?” मी विचारलं.

सुलभानं तोंडावर पदर धरला. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, दोन मरणं आम्ही एकत्र पाहिली, पण तिचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता.

डॉक्टर म्हणाले, “डोळे चांगले आहेत तुमचे. मेंदूत मागच्या बाजूला गुठळी अडकली होती. उजवीकडचं दिसणं गेलंय. आणि डोळ्यानं पाहिलेलं अक्षर जिथं ओळखलं जातं, तिकडं जाणारा रस्ता तुटलाय. लिहिण्याचा रस्ता वेगळा, तो शाबूत आहे.”

“परत येईल?”

“थोडं येऊ शकतं. किती, ते आज सांगता येणार नाही.”

“कादंबरी वाचता येईल का?”

त्यांना प्रश्न विचित्र वाटला असावा. “आधी आपण दुसरा झटका येणार नाही याची काळजी घेऊ,” ते म्हणाले.

नऊ दिवस

दवाखान्यातला दिवस पहाटे पाचला सुरू होतो. नर्स येऊन बीपी घेते. मग चहा, मग गोळ्या, मग डॉक्टरांची फेरी. ‘हाताची बोटं मोजा, जीभ बाहेर काढा.’ मग बाराचं अळणी वरण. दुपारी पंखा बघायचा. मी दारावरच्या पाटीवर डोळे लावून पडून असायचो. तिथं ‘बाहेर’ लिहिलेलं असणार हे मला कळत होतं, कारण दुसरं काय लिहिणार? पण पाटी काही बोलत नव्हती. दर तासाला मी तिला विचारून बघायचो.

भीती दोन होत्या. एक सगळ्यांना असते ती, झटका पुन्हा येईल का, आणि आला तर पुढच्या खेपेला काय घेऊन जाईल. दुसरी भीती सांगायची लाज वाटायची. माझं आयुष्य पुस्तकांनी भरलेलं होतं. नोकरीधंदा सगळेच करतात. पण दिवसभर खोकल्याची बाटली विकून झाल्यावर मी जो कुणी होतो, तो वाचणारा माणूस होतो. तो गेला तर घरी परत कोण जाणार होतं?

शेजारच्या खाटेवर शिरड शहापूरचे एक गृहस्थ होते. त्यांना घरी सोडायच्या दिवशी त्यांची बायको कागद घेऊन माझ्याकडं आली. माझा चष्मा बघून आली असणार.

“भाऊ, एवढं वाचून सांगा बरं, काय काय लिवलंय.”

मी कागद हातात घेतला आणि खोटं बोलायला तोंड उघडलं. पण पार्वताबाई आठवल्या.

“ताई, मला वाचता येत नाही.” पहिल्यांदाच हे वाक्य मी मोठ्यानं म्हणालो.

“मलाबी न्हाई,” ती म्हणाली. “मग काय झालं? तोंड हाये की, इचारायचं.” आणि कागद घेऊन सरळ नर्सकडं गेली. दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारलं, सगळं पाठ करून परत आली आणि मलाही ऐकवलं. त्या नऊ दिवसांत मला मिळालेलं सगळ्यात चांगलं औषध ते.

ते अंगी लागायला मात्र वेळ लागला. घरी जाताना मी सुलभाला शपथ घातली, “कळमनुरीला कुणाला काही सांगायचं नाही.”

कळमनुरीची बैठक

कळमनुरीला आमची चौघांची बैठक आहे. रफीकभाई सोफे, खुर्च्यांच्या गाद्या शिवतात, त्यांच्या दुकानात महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी जमतो. रेक्झिनचे गठ्ठे, फोमचे तुकडे, आणि एखादा अर्धा उघडा सोफा, त्यावरच बसायचं. रफीकभाई, मी, कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या ज्योती मॅडम आणि निवृत्त झालेले कदम गुरुजी. एक कादंबरी ठरवायची, सगळ्यांनी वाचून यायचं आणि भांडायचं. आठ वर्षं हे चालू होतं. ज्यानं पुस्तक वाचलं नाही त्यानं चर्चेत तोंड उघडायचं नाही, हा नियम. तो मीच केलेला, आणि एकदा अर्धं वाचून आलेल्या ज्योती मॅडमना दोन तास गप्प बसवणाराही मीच.

‘बीपी वाढलं होतं, चार दिवस नांदेडला होतो,’ एवढंच मी फोनवर सांगितलं होतं. त्या महिन्याची कादंबरी म्हणजे मी अर्ध्यात सोडलेली ती दोन बहिणींची. नव्वद पानं आजाराआधी वाचली होती. पुढची काही सुलभाकडून ऐकली. ती कादंबरीही औषधाच्या पत्रकासारखी वाचते, एका सुरात, आणि दहा पानांनंतर तिला जांभया येतात. तेवढ्या भांडवलावर मी गेलो.

पहिला अर्धा तास निभावलं. नव्वद पानांवर मी भरपूर बोललो. मग ज्योती मॅडम म्हणाल्या, “सर, थोरली घर सोडते ते पान वाचा ना. तुमच्या आवाजात ऐकायचंय.”

बैठकीत मोठ्यानं वाचायचं काम माझंच असायचं. त्यांनी पान उघडून पुस्तक माझ्या हातात दिलं. मी घसा खाकरला. “आज तुम्ही वाचा,” एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आठ वर्षांचा मान होता. मी पानावर नजर ठेवली आणि वाचायला लागलो.

“थोरलीनं पिशवी उचलली. अंगणात ऊन उतरलं होतं. धाकटी चुलीपाशी पाठमोरी बसली होती आणि तिनं मान वळवली नाही…”

मी बनवत होतो. वाक्यामागून वाक्य. पानाच्या खालपर्यंत नजर नेत होतो, स्वल्पविरामाला थांबत होतो. अधूनमधून मला वाटलं, जमतंय. आणि मग मला कदम गुरुजी दिसले. ते डावीकडं बसले होते म्हणून दिसले. त्यांच्या मांडीवर त्यांची स्वतःची प्रत उघडी होती, आणि माझ्याबरोबर ओळीवरून सरकणारं त्यांचं बोट थांबलेलं होतं.

मी तरीही थांबलो नाही. पान उलटण्याजोगं झालं तेव्हा उलटलं आणि आणखी दोन वाक्यं म्हटली. मग आवाज बसला.

“छान,” ज्योती मॅडम खाली बघत म्हणाल्या. ते ‘छान’ मला कानशिलात मारल्यासारखं लागलं.

गुरुजींनी अगदी सरळ मनानं विचारलं, “मिलिंदराव, तुमच्याकडची आवृत्ती वेगळी आहे का?”

मी उठलो. उजवीकडचा सोफ्याचा सांगाडा दिसला नाही, गुडघा फुटला. लंगडतच रस्त्यावर आलो आणि मिळेल त्या जीपनं वारंग्याला परतलो.

घर

ते दिवस आमच्या घरातले वाईट दिवस. गाडी चालवायला बंदी. काउंटर बंद. सुलभा सकाळी नऊ ते रात्री नऊ एकटी दुकान रेटायची. मी मागच्या खोलीत बसून तिच्यावरच चिडायचो. मुलगी पुण्याहून फोन करायची. “बाबा, मोबाईलला पान दाखवा, तो वाचून देतो.” करून पाहिलं. मोबाईलनं खरंच वाचलं. ‘थोरली म्हणाली मी जाते धाकटी म्हणाली जा.’ दोघींचा आवाज एक, मधे श्वास नाही. वर्तमानपत्राला ते ठीक आहे, आजही वापरतो. पण त्या संध्याकाळी मी मोबाईल पलंगावर आपटला.

सुलभा दारात उभी होती. “तुमी नेमकं कशासाठी रडून राहिला?” ती म्हणाली. “चार पुस्तकं गेली म्हणून? त्या जीपमधी मी काय काय बोलले असंल देवाला, न्हाई, देवाला न्हाई, आपल्यात देव न्हाई, पर कुणाला तरी बोललेच ना! तुमी वाचलात. ते कुणी धरायचं का न्हाई हिशेबात?”

‘वाचलात’ हा शब्द तिनं मुद्दाम वापरला नव्हता. पण तो ऐकून मी पलंगावरचा मोबाईल उचलून नीट ठेवला. ती पुढं म्हणाली, “अन् मी रफीकभाईंना सांगितलं समदं. तुमची शपथ मोडली. काय करायचं ते करा.”

शुक्रवार

शुक्रवारी जुम्म्याची नमाज झाली की रफीकभाई दुकान उघडत नाहीत. त्या शुक्रवारी दुपारी त्यांची स्कूटर आमच्या दारात थांबली. आत येऊन बसले, पाणी प्यायले.

“दया करायला आलात?” मी विचारलं.

“दया? म्या गुस्सा करायला आलो. आठ साल झाले आपल्याला. तकलीफ झाली तं सांगायचं होतं. तुमी आमाला झूट पढून दाखवलं.”

मी मान खाली घातली.

“खरं सांगू? तुमचं झूट बी चांगलं होतं,” ते म्हणाले. “पर ते लिहिणाऱ्याचं न्हवतं. म्या घरी जाऊन ते पान काढलं. त्याच्यात धाकटी चुलीपाशी न्हाईच. ती थोरलीच्या पायात चप्पल घालून देऊन राहिली. समजलं का, काय फरक पडतोय ते?”

समजलं. पाठमोरी बसणारी धाकटी कुठंही सापडते. चप्पल घालून देणारी मला कधी सुचली नसती.

बैठकीत माझ्या माघारी भांडण झालं होतं, तेही त्यांनी सांगितलं. ज्योती मॅडम म्हणाल्या, ऐकलेलंही वाचलेलं धरावं. गुरुजी म्हणाले, नियम म्हणजे नियम, आणि तो मिलिंदरावांचाच आहे. शेवटी गुरुजी एवढ्यावर आले, की एक ओळही न गाळता सबंध पुस्तक ऐकलं तर चालेल.

“म्हणून म्या पढणार,” रफीकभाई म्हणाले आणि थैलीतून कादंबरी काढली.

रफीकभाईंचं शिक्षण चौथीपर्यंत, तेही उर्दूत. मराठी ते वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी शिकले, रस्त्यावरच्या पाट्यांवरून आणि माल गुंडाळून येणाऱ्या रद्दीवरून. त्यांना वाचताना मी कधी ऐकलंच नव्हतं, कारण मोठ्यानं वाचणारा मी. ते ओळीखाली बोट धरून वाचतात. शब्द संपला की थांबतात, पुढचा चाचपतात. एका तासात चार पानं. मला वेड लागायची पाळी आली. दुसऱ्या शुक्रवारी मी त्यांच्यावर खेकसलो. तिसऱ्या शुक्रवारी त्यांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, “मंग काय, बंद करू? तुमी सांगा.” मी म्हणालो, “नका करू.”

चौथ्या की पाचव्या शुक्रवारी ते एका जोडाक्षरावर अडले. “धाकटी दारात ति… तिश… हे काय हाये? तुमीच बगा.” पुस्तक त्यांनी माझ्यापुढं केलं आणि लगेच जीभ चावली. “माफ करा, भाऊ.”

त्यांच्या खिशात रेक्झिन कापताना खुणा करायचा खडू असतोच. ओशाळून ते खाली वाकले आणि आमच्या शहाबादी फरशीवर तो शब्द मोठा करून काढला, चित्र काढावं तसा. “असं हाये, असं.”

मी फरशीवर बसलो. डोळ्यांना काही कळेना. नुसतं हाताला काहीतरी करायला हवं म्हणून मी खडूच्या रेघेवरून बोट फिरवलं. आडवी रेघ, वेलांटी, खाली उतरलेला दांडा. दुसऱ्या अक्षराचा पोटातला तिरका छेद आणि त्याच्याखाली लटकलेलं गोल. बोट ती वळणं माझ्याआधी घ्यायला लागलं, जसं लिहिताना घेतं.

“तिष्ठत,” मी म्हणालो.

“काय?”

“तिष्ठत! धाकटी दारात तिष्ठत उभी होती. म्हणजे वाट बघत, ताटकळत.”

रफीकभाईंनी पुस्तकात पाहिलं, फरशीकडं पाहिलं. “बराबर बसून राहिलंय,” ते म्हणाले. मग सुलभाला हाक मारली, इतक्या जोरात की ती गिऱ्हाईक सोडून पळत आली. तिला वाटलं, दुसरा झटका आला.

नांदेडच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते खुर्चीत पुढं सरकले. डोळ्याचा रस्ता तुटला तरी हाताचा शाबूत आहे, आता अक्षर हाताकडून येऊ द्या, असं म्हणाले. रोज करा म्हणाले. मी रोज करतो. सकाळी सात ते नऊ. आधी खडूनं, मग पाटीवर, मग पुस्तकातच नखानं गिरवत. एका दिवशी दोन ओळी व्हायच्या, चांगल्या दिवशी चार. कधी सकाळ अशी यायची की ‘क’ आणि ‘फ’ एकच वाटायचे, आणि मग दिवसभर मानेला घाम. झटका तर नाही? मुंग्या तर नाहीत? ही भीती अजूनही गेलेली नाही. उजवीकडचा अर्धा भागही अजून गायबच आहे. गोळी मात्र एक दिवस चुकलेली नाही. सुलभा समोर उभी राहून घ्यायला लावते.

शेवटचं पान

मधल्या काळात दोन बैठकांना मी गेलो. त्या बैठका आठवल्या की आजही अंगावर काटा येतो. सगळे माझ्याशी फार चांगले वागत होते. मी काही म्हटलं की ज्योती मॅडम मान डोलवायच्या, गुरुजी “रास्त आहे” म्हणायचे. एकदा मी मुद्दाम अगदीच बावळट विधान केलं. कुणी खोडलं नाही. दवाखान्यातही मला इतकं आजारी वाटलं नव्हतं.

दोन बहिणींची ती कादंबरी शुक्रवारामागून शुक्रवार करत पाचव्या महिन्यात संपत आली. शेवटचं पान मी रफीकभाईंना वाचू दिलं नाही. “हे माझ्याकडं राहू द्या,” म्हणालो. एका पानाला नऊ दिवस लागले. एकवीस ओळी. नवव्या दिवशी सकाळी शेवटच्या वाक्याचा पूर्णविराम नखाखाली आला तेव्हा मी बराच वेळ बोट तिथंच ठेवून बसलो.

पुढच्या रविवारी त्याच पुस्तकाची राहिलेली चर्चा करायची ठरली. माझा गोंधळ झाला त्या दिवशी ती अर्धवट सुटली होती. शेवट असा आहे. थोरलीला घर सोडून चौदा वर्षं झाली आहेत. संध्याकाळी धाकटीला अंगणात पाऊल वाजल्यासारखं वाटतं. ती उठते, कडी काढायला हात वर करते, आणि दार उघडं असतं. तिथं कादंबरी संपते.

ज्योती मॅडम म्हणाल्या, थोरली आत आलेली आहे, दार तिनंच उघडलं. गुरुजी म्हणाले, कुणी आलेलं नाही, धाकटीला भास झालाय. रफीकभाई मॅडमच्या बाजूनं. दहा मिनिटं झाली. माझ्याकडं कुणी विचारायला वळलं नाही. वळले असते तरी मान डोलवायलाच, हे मला ठाऊक होतं.

“तिघंही चुकताय,” मी म्हणालो.

ते थांबले.

“दार उघडं होतं, असं लिहिलेलंच नाही. उघडंच होतं, असं लिहिलंय. त्या एका ‘च’वर मी पाव तास घालवलाय, मला माहीत आहे. उघडं होतं म्हणजे कुणीतरी उघडलं. उघडंच होतं म्हणजे आधीपासून उघडं. त्या बाईनं चौदा वर्षं कडी लावलेलीच नाही, आणि हे तिचं तिलाही माहीत नाही. कोण आलं, कोण नाही, हा प्रश्नच नाही.”

गुरुजींनी प्रत उघडली, चष्मा वर केला. ज्योती मॅडमनी हळूच “अरे हो” म्हटलं. मला वाटलं, झालं, पुन्हा मान डोलवणार सगळे.

“काहून?” रफीकभाई म्हणाले.

“काय काहून?”

“एका ‘च’वरून एवढं? लोक बोलतेतच तसं. माझ्या दुकानाचं दार बी दिवसभर उघडंच असतंय. मंग म्या काय चौदा साल कुणाची वाट बघून राहिलो का? तुमी एकेक अक्षर पढता, भाऊ, म्हणून तुमाला एकेक अक्षरात खजिना दिसून राहिला. चुकून राहिलं तुमचं. साफ चुकून राहिलं.”

“दुकानाचं दार वेगळं, घराचं वेगळं!” मी ओरडलो.

“आवाज काय चढवता? मुद्दा सांगा,” गुरुजी म्हणाले, आणि तेही ओरडूनच म्हणाले. “त्याच पानावर वर कडीचा उल्लेख आहे. कडी लावलेली नव्हती तर ती हात वर का करते?”

“सवयीनं!” ज्योती मॅडम म्हणाल्या. “नाही, थांबा. सर, तुमचंही पटत नाही मला.”

मी पुस्तक ओढून घेतलं, शेवटची ओळ नखानं चाचपत त्या ‘च’पर्यंत गेलो आणि बोट तिथं रोवलं. “हे बघा,” मी म्हणालो, आणि तिघंही तावातावानं त्या अक्षरावर वाकले.